सरका जरा



हे पान तुम्ही जेथे बसून वाचत असाल, ती जागा बहुधा फार ऐसपैस नसेल. घरातील सर्वांची जेवणे उरकल्यावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात अंथरलेली चटई असेल, दुकानाच्या गल्ल्यामागचे स्टूल असेल, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीतील लोखंडी बाक असेल किंवा जालना-अंबड एस.टी.तील अर्धी सीट असेल. प्रौढ वयात शिकणाऱ्याला जागा कोणी आपणहून देत नाही. ती थोडी मागून, थोडी स्वतः सरकून आणि थोडी दुसऱ्याला सरकवून मिळवावी लागते. म्हणून अपुऱ्या जागेविषयी तुमच्याशी बोलण्यास मला संकोच वाटत नाही. मला सांगायची आहे ती गोष्ट मात्र विमानातील सर्वांत स्वस्त वर्गातल्या एका खुर्चीची आहे. आणि त्या खुर्चीत जवळजवळ सोळा तास न उठता बसून राहिलेल्या माझ्या आईची आहे.

विमानप्रवासातील गैरसोयींची तक्रार करणे आपल्याकडे अनेकांना शेखी मिरवल्यासारखे वाटते. ज्या गावात दिवसातून दोनदा एस.टी. येते आणि पावसाळ्यात तीही फाट्यावरून परत फिरते, त्या गावच्या माणसाने विमानात पाय अवघडले म्हणून कुरकुरावे, हे ऐकणाऱ्याला हास्यास्पद वाटणे स्वाभाविक आहे. मीही असेच मानत आलो होतो. ज्याला विमान मिळाले त्याने गप्प बसावे, अशी माझी समजूत होती. ती किती चुकीची होती, हे मला आईच्या पायाने शिकवले.

आमचे गाव अंबड तालुक्यातील. घरची मोसंबीची बाग, थोडी कपाशी आणि एक विहीर. लहानपणी जालन्याला जायचे म्हणजे एस.टी.नेच. तिघांच्या बाकावर चौथा बसत असे, आणि चौथ्याच्या मांडीवर कोणाचे तरी मूल. बस थांब्यावर उभी राहिली की आत चढणारी बाई पहिल्या पावलालाच म्हणे, "सरका की हो जरा." या तीन-चार शब्दांत विलक्षण सामर्थ्य होते. बाकावरची माणसे एकमेकांकडे न पाहता दोन-दोन बोटे सरकत आणि जेथे काहीच जागा नव्हती तेथे वीतभर जागा निर्माण होई. पुढे कोणाची सून माहेरी निघाली आहे, कोणाच्या बैलाला काय झाले आहे, याची चौकशी होई. डब्यातील भाकरीचा तुकडा या हातातून त्या हातात जाई. रेल्वेच्या पॅसेंजर गाडीतही हेच. जालन्यावरून जाणारा मनमाड-हैदराबाद मार्ग निजामाच्या राजवटीत टाकला गेला तेव्हा मीटरगेज होता. दोन रुळांतील अंतर अवघे एक मीटर. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात रुंदीकरण होऊन ते १.६७६ मीटर झाले. डबे रुंद झाले, पण "सरका जरा" काही संपले नाही.

एस.टी.चे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या गर्दीत भांडणे होत, खिसे कापले जात, आणि उभ्याने प्रवास करणाऱ्या मुलींना काय सोसावे लागे ते त्या घरी येऊन सांगतही नसत. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की त्या गर्दीत जागा मागण्याची रीत होती. मागणाऱ्याला लाज वाटत नव्हती आणि देणाऱ्याला उपकार केल्यासारखे वाटत नव्हते.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. तिला आठवा महिना लागला तेव्हा आईने बाळंतपणाला जावे असे ठरले. आईचे वय सहासष्ट. ती त्याआधी एकदाही विमानात बसली नव्हती. मी महाविद्यालयातून तीन आठवड्यांची रजा काढली आणि तिला पोहोचवून येण्याचे पत्करले. आमच्या घरात महिनाभर बाळंतविड्याचीच तयारी चालू होती. डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, खोबरे, बाळंतशेपा, ओवा, जुन्या लुगड्यांची मऊ दुपटी आणि स्वतः शिवलेली एक गोधडी. प्रत्येकी तेवीस किलोच्या पेट्या वजनकाट्यावर चढत-उतरत होत्या. बागेतील मोसंबी मात्र नेता येणार नव्हती. ताजी फळे त्या देशात नेऊ देत नाहीत. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, हे मी आईला मोठ्या अभिमानाने सांगितले. ती म्हणाली, "मानांकन असून माझ्या लेकीला एक फोड मिळंना, मग काय कामाचं?" शेवटी पिशवीत घेतलेल्या चार मोसंब्या आम्ही मुंबईत विमानतळाबाहेर उभे राहून संपवल्या.

जालन्याहून मुंबईपर्यंत देवगिरी एक्स्प्रेसने रात्रीचा प्रवास झाला. त्या डब्यात आईने नेहमीप्रमाणे दोन कुटुंबांशी ओळख करून घेतली, एका बाईच्या तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन निजवले आणि सकाळी ती ताजीतवानी उतरली. या बाईला प्रवासाची भीती कसली, असे मला वाटले.

न्यू जर्सीचे नाव निघाले की मला आनंदीबाई जोशी आठवतात. ७ एप्रिल १८८३ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. जवळजवळ दोन महिने! त्यांना आश्रय देणाऱ्या कार्पेंटरबाईंचे घर न्यू जर्सीतील रोझेल या गावी होते. समुद्र ओलांडणे हेच जेथे पाप मानले जाई, त्या काळात या मुलीने परक्या सोबतीने, परक्या अन्नापाण्याच्या मुलखात तो प्रवास केला. त्या दोन महिन्यांपुढे आमचे सोळा तास म्हणजे काय? विमानात चढताना मी आईला ही गोष्ट सांगितली. आता वाटते, नको सांगायला हवी होती. मोठ्या माणसांच्या हालांची उदाहरणे देऊन आपण पुष्कळदा जवळच्या माणसाचे तोंड बंद करतो.

आता त्या खुर्चीविषयी. स्वस्त वर्गातील पुढच्या खुर्चीच्या पाठीपासून आपल्या खुर्चीच्या पाठीपर्यंतचे अंतर साधारणपणे ३० ते ३२ इंच असते आणि बैठकीची रुंदी १७ ते १८ इंच. यातच आपले पाय, पायांशी ठेवलेली पिशवी, गुडघ्यांवर उघडणारे जेवणाचे फळकूट आणि पुढच्या प्रवाशाने मागे कलवलेली पाठ या सर्वांचा संसार. दोन खुर्च्यांमध्ये हात टेकायची दांडी एक आणि कोपरे दोन. ती कोणाची, याचा निर्णय शब्दाविना चालणाऱ्या एका चिवट युद्धात होतो. मधल्या खुर्चीवरच्या माणसाला दोन्ही बाजूंनी हे युद्ध लढावे लागते.

ही अडचण कोणाच्या दुष्टपणातून आलेली नाही, हेही समजून घेतले पाहिजे. आपल्या राज्यातील पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून त्या वेळच्या अहमदनगरला गेली. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडियाचे पहिले आंतरराष्ट्रीय विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. त्याचे नाव 'मलबार प्रिन्सेस', आणि त्यात अवघे ३५ प्रवासी होते. तेव्हा आमचा जालना निजामाच्या राज्यातच होता. त्यामुळे ती एस.टी.ही आमची नव्हती आणि ते विमानही नव्हते. पुढे १९५२ मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानांत 'टूरिस्ट' हा स्वस्त वर्ग सुरू झाला, १९५८ मध्ये त्याहूनही स्वस्त 'इकॉनॉमी' वर्ग आला आणि १९७० मध्ये शेकडो माणसे एकदम वाहून नेणारे बोईंग ७४७ प्रवासी सेवेत दाखल झाले. खुर्च्या वाढल्या, त्या जवळ आल्या, आणि तिकीट उतरले. अंबड तालुक्यातील एक शेतकरी बाई लेकीच्या बाळंतपणाला सातासमुद्रापार जाऊ शकली, ती या दाटीमुळेच. त्या ३१ इंचांना मी सरसकट शिव्या देऊ शकत नाही, त्याचे कारण हेच. मात्र आभार मानले म्हणून त्रास नाहीसा होत नाही.

आमच्या बाबतीत एक चूक शुद्ध माझी होती. आधीच जागा निवडायची तर प्रत्येक खुर्चीमागे वेगळे पैसे पडत होते. मी ते वाचवले. एकाच तिकिटावर दोघे आहोत म्हणजे शेजारीच बसवतील, असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात आईला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मला तिच्यामागे सहा ओळी सोडून मधली. बदलून द्या म्हणून मी विनंती करून पाहिली. विमान भरलेले होते. "खिडकी मिळाली, ढग दिसतील," असे मी तिला सांगितले. तिच्या आणि बाहेरच्या वाटेच्या मध्ये दोन अनोळखी तरुण बसले होते. उड्डाणानंतर तासाभरात जेवण झाले, दिवे मंद झाले, खिडक्यांची झाकणे खाली ओढली गेली, आणि ते दोघेही कानांत बोळे घालून, अंगावर पांघरूण ओढून झोपी गेले.

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून उडत असते, हे आपण ऐकतो. आत बसलेल्या शरीराला मात्र कोणती उंची भोगावी लागते, याचा विचार आपण करीत नाही. आतील हवेचा दाब कृत्रिमरीत्या वाढवलेला असतो. पण तो जमिनीवरच्या इतका नसतो. तो साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका ठेवतात. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट. याचा अर्थ, विमानातील प्रत्येक प्रवासी कळसूबाईच्या माथ्याहूनही उंच जागी तासन्‌तास बसलेला असतो. तेथे दाब कमी असल्याने पोटातील वायू फुगतो, कानांत दडे बसतात. बाहेरची अतिथंड हवा घेऊन ती तापवल्यामुळे तिच्यात ओलावा फारच थोडा उरतो. आर्द्रता पुष्कळदा २० टक्क्यांच्याही खाली जाते. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. लांब पल्ल्याच्या विमानात बसणे म्हणजे एका अर्थाने उंच डोंगरावरच्या कोरड्या वाऱ्यात हात-पाय बांधून बसणे होय.

कोरडेपणाचे आईला काय सांगावे! २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या, तेव्हा आमची निम्मी बाग गेली. टँकरच्या पाण्यावर उरलेली झाडे जगवताना घागरीत बोटभर पाणी राहिले की आपली तहान उद्यावर ढकलणारी ती बाई. तहान मारणे हे तिला एखाद्या कलेसारखे अवगत होते, आणि या प्रवासात तिने ती कला पुरेपूर वापरली. कारण पाणी प्यायले की उठावे लागणार, उठायचे तर दोन झोपलेल्या माणसांना जागे करावे लागणार, आणि त्यांना काय म्हणायचे, ते तिला ठाऊक नव्हते.

रात्रीतून मी दोनदा तिच्याजवळ गेलो. पहिल्या वेळी विचारले, "उठायचंय का? मी त्यांना उठवतो." ती कुजबुजली, "नको रे, लेकरं झोपलीत." दुसऱ्या वेळी दहा तास उलटून गेले होते. ती जागीच होती. पावले चपलांतून काढून तिने पिशवीवर टेकवली होती. ती म्हणाली, "पाय लई जड झालेत बाबा." त्या वेळी मला झोप अनावर झाली होती, माझीही पाठ मोडली होती, आणि त्या दोघा तरुणांना हलवून जागे करण्याचा संकोच मलाही होताच. मी म्हणालो, "आता थोडंच राहिलंय आई. सोस."

सोस! हा दोन अक्षरी शब्द मी किती सहज उच्चारला. आपल्या घरांत बाईची सर्वांत मोठी स्तुती 'सोशिक' या एका विशेषणाने केली जाते. जन्मभर जिने दुष्काळ, सासुरवास आणि कर्ज सोसले, तिला आणखी पाच-सहा तास काय अवघड, असा माझा हिशेब होता.

उतरताना तिच्या पायात चपला चढेनात. मी मदतीसाठी चाकाच्या खुर्चीची नोंद आधीच केली होती. परदेशी जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांपैकी पुष्कळजण ती मागतात. चालता येत नाही म्हणूनच नव्हे, तर पाट्या वाचता येत नाहीत आणि प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत म्हणूनही. त्या दिवशी मात्र ती खुर्ची खरोखरच चालता येत नसलेल्या बाईच्या कामी आली. घरी पोहोचल्यावर सूज उतरेल, असे आम्ही धरून चाललो. एका पायाची उतरली. दुसऱ्याची उतरली नाही. तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दगडासारखी घट्ट आणि गरम लागू लागली. बहीण आठव्या महिन्याचे पोट सावरत आईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाळंतपणाला आलेली आई तपासणीच्या टेबलावर, आणि बाळंत व्हायची लेक दुभाषी.

डॉक्टरीणबाईंनी विचारले, "प्रवासात किती वेळा उठून चाललात?" आई म्हणाली, "एकदाबी नाही. बाजूला लेकरं झोपली होती, त्यांची झोप मोडली असती." बहिणीने पहिले वाक्य भाषांतरित केले. दुसऱ्या वाक्यापाशी तिचा आवाज थांबला.

पोटरीच्या खोल रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी झाली होती. सुदैवाने ती वेळेवर सापडली. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या तीन महिने घ्याव्या लागल्या, आणि प्रवासापूर्वी काढलेल्या विम्याने बराचसा खर्च भागला. तीच गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती, तर हा निबंध मी लिहू शकलो नसतो.

यामागचे शास्त्र साधे आहे आणि ते तुम्हा सर्वांच्या उपयोगाचे आहे. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते. पण ते खालून वर परत आणण्याच्या कामात पोटरीचे स्नायू हातभार लावतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात आणि पंपासारखे रक्त वर चढवतात. गुडघे मोडून तासन्‌तास निश्चल बसले की हा पंप बंद पडतो, रक्त साचते, आणि काही जणांच्या बाबतीत ते गोठते. हे विमानातच घडते असे नाही. १९४० मध्ये लंडनवर बाँबवर्षाव होत असताना लोक आश्रयस्थानांत खुर्च्यांवर बसून रात्री काढीत; त्यांच्यात फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू वाढल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी त्याच वर्षी नोंदवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ बसून केलेल्या प्रवासाने हा धोका दुप्पट-तिप्पट होतो, मग तो प्रवास विमानाचा असो, रेल्वेचा असो वा बसचा. निरोगी माणसाच्या बाबतीत एकूण धोका लहानच, सुमारे सहा हजारांत एक. परंतु वय, स्थूलता, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. जालन्याहून रात्रीच्या बसने मुंबई-पुण्याला जाणाऱ्या तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांनाही हे लागू आहे. दर तास-दोन तासांनी उठावे, उठणे शक्य नसेल तर बसल्या जागी पावले वर-खाली हलवावीत, पाणी प्यावे, आणि प्रवासानंतर एकच पाय सुजला व दुखू लागला, तर 'उतरेल' म्हणून वाट पाहू नये.

आई आजारी पडली ती केवळ अपुऱ्या जागेमुळे, असे मात्र मला वाटत नाही. याहून दाटीत तिने जन्म काढला होता. मग एस.टी.त जिला कधी अवघडलेपण आले नाही, ती विमानात का अवघडली? मी यावर पुष्कळ विचार केला. एस.टी.च्या बाकावर कोणाचे नाव नसते. आपण तेथे बसलो आहोत ते तात्पुरते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. म्हणून कोणीही कोणाला "सरका" म्हणू शकतो. विमानातील खुर्चीला मात्र आकडा असतो, किंमत असते. प्रत्येकजण आपल्या विकत घेतलेल्या १७ इंचांत बसलेला असतो, समोर त्याचा स्वतःचा पडदा असतो, कानांत त्याचा स्वतःचा आवाज असतो. तेथे मागणे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीत पाऊल टाकल्यासारखे वाटते. देह एकमेकांना एस.टी.इतकेच खेटून असतात, पण शब्द खेटत नाहीत. दाटी दोन्हीकडे आहे. एका दाटीत बोलता येते, दुसरीत येत नाही. आणि ज्या दाटीत बोलता येत नाही, ती रक्त गोठवते.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या दोन तरुणांनी आईला कधी अडवले नव्हते. तिने खांद्याला हात लावला असता तर ते उठले असते, कदाचित तिचा हात धरून तिला वाटेपर्यंत घेऊनही गेले असते. त्यांना दोष देता येत नाही. दोष द्यायचा तर मला. कारण मला त्यांची भाषा येत होती, आणि तरीही मी आईला गप्प राहायला सांगितले.

बहिणीला मुलगी झाली. आईने सगळे बाळंतपण खुर्चीत बसून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून केले. तेल लावणे, शेक देणे, धुरी देणे यांतले निम्मे तिने हातांनी केले आणि निम्मे तोंडाने. माझी रजा संपली आणि मी एकटाच परतलो. त्या परतीच्या विमानात मी दर दोन तासांनी उठत होतो. शेजारच्या गृहस्थांना दर वेळी उठावे लागत होते. तिसऱ्या वेळी ते हसले आणि म्हणाले, "बरे झाले, तुमच्यामुळे माझेही पाय मोकळे होतात." त्या क्षणी मला किती लाज वाटली, ते तुम्हाला सांगता येणार नाही. एवढेच तर होते. एवढेच मी सहा ओळी पुढे जाऊन करायला हवे होते.

पाच महिन्यांनी, डॉक्टरांची परवानगी मिळाल्यावर, आई एकटीच परत आली. या वेळी पैसे भरून वाटेजवळची खुर्ची घेतली होती. पायांत घट्ट मोजे होते. एका कागदावर बहिणीने मोठ्या देवनागरी अक्षरांत चार इंग्रजी वाक्ये लिहून दिली होती : पाणी द्या, मला उठायचे आहे, माझा पाय दुखतो, मी मराठी बोलते. विमानतळावर ती चाकाच्या खुर्चीतून नव्हे, चालत बाहेर आली. मी विचारले, "कागद उपयोगी पडला का?"

ती म्हणाली, "कशाचा कागद! माझ्या जागेवर एक पोरगी येऊन बसली होती. मला म्हणाली, तुम्ही आत खिडकीकडं जाता का, हातानं खुणा करून. मी बसले आत. मग पाय जड झाले तसं तिच्या खांद्यावर हात ठेवला आन् म्हणाले, सरक गं जरा. उठली की लगेच. पुन्हा दोन तासांनी म्हणाले. पुन्हा उठली. शेवटी शेवटी तर मी नुसतं बघितलं की ती सरकायची."

वाटेजवळची खुर्ची तिने देऊन टाकली, हे ऐकून क्षणभर मला राग आला. पण मग लक्षात आले, की जागा देणे तिने सोडले नव्हते. मागणे तेवढे ती नव्याने शिकली होती.

रविवारी जालन्यात मी संपर्कसत्र घेतो, तेव्हा शेवटच्या बाकांवर बसणाऱ्या विद्यार्थ्यांकडे आता अधिक लक्ष देऊन पाहतो. कोणी पंचेचाळीस वर्षांच्या अंगणवाडीसेविका असतात, कोणी पोलाद कारखान्यातून थेट आलेले कामगार. एखादा मुद्दा समजलेला नसतो, हे चेहऱ्यावर दिसते. पण पुढच्या बाकावरच्या तरुण मुलांपुढे विचारायचे कसे, या संकोचाने ते वहीत मान घालतात. मी शिकवत राहतो, ते सोसत राहतात. तास संपतो. पूर्वी मला यात शिस्त दिसत असे. आता तेथे थांबून मी विचारतो, "कोणाचे पाय अवघडले आहेत?" ज्यांना ही गोष्ट ठाऊक आहे ते हसतात, आणि कोणीतरी हात वर करते.

तुम्ही हे पान वाचून झाल्यावर एकदा उठा. दोन पावले चाला, पाणी प्या. कोपऱ्यात जागा कमी पडत असेल तर घरातल्या माणसांना म्हणा, "सरका जरा."